गुरुपौर्णिमेचे फोड

नोकरीत मी खून पाहिले, भरतीबरोबर किनाऱ्याला लागलेली प्रेतं पाहिली, आणि एकदा आमच्याच ठाण्याच्या आवारातून चोरीला गेलेली जप्त रिक्षा आम्हीच शोधत फिरलो. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. पण एक प्रकरण काही केल्या पुसलं जात नाही, आणि गंमत म्हणजे त्यात कोणी मेलं नव्हतं. काही लोकांच्या कपाळावर फोड आले होते, एवढंच. त्यातलं एक कपाळ माझ्या बायकोचं होतं.

नाव कोणाचंच सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून त्याच गावात राहतात आणि बाजारात एकमेकांना भेटतात.

मी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेला, किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. मी घाटावरचा. मासे खायला कोकणात शिकलो आणि काटे काढायला अजून शिकतोय. बायको मात्र दापोलीकडची, त्यामुळे ही बदली झाल्यावर ती माहेरी आल्यासारखी खूश होती. मुलीचं लग्न होऊन ती दूर गेली होती. सरकारी निवासस्थानात आम्ही दोघंच, आणि त्यातला एक सतत बंदोबस्तावर.

आमच्या हद्दीत एक महाराज होते. साठीच्या आतबाहेरचे, बोलायला मऊ, दिसायला बरे. याच किनाऱ्यावरचे. तरुणपणी गावातल्या एका तांडेलाच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्या प्रमुखाच्या, होडीवर खलाशी होते. मग परदेशी जहाजावर गेले, कित्येक वर्षांनी परत आले ते गप्प होऊन. होड्या ठेवायच्या खोपीत दिवसभर बसून असायचे. तांडेलाने जुना खलाशी म्हणून त्यांना घरची पेज नेऊन दिली, नवी लुंगी दिली, आणि एक दिवस स्वतःच त्यांच्या पाया पडला. पुढे लोक येऊ लागले. मी बदलून आलो तोवर गावामागच्या सड्यावर, उघड्या कातळावर, जांभ्या दगडाचा मठ उभा राहिला होता, आत संगमरवरी फरशी, बाहेर मुंबईच्या गाड्या.

त्यांच्याविरुद्धच्या अर्जांची फाईल आमच्या कपाटात चांगली जाडजूड होती. एका म्हाताऱ्या भक्तिणीने कलमांची बाग मठाला बक्षीसपत्राने दिली म्हणून तिच्या पुतण्यांचा अर्ज. बांधकामाला परवानगी नाही म्हणून ग्रामपंचायतीचा अर्ज. मधुमेहाच्या गोळ्या बंद करा असं महाराज प्रवचनात म्हणाले, अशा एका व्हिडिओवरून आलेला अर्ज. तो मी तीनदा ऐकला, आणि प्रत्येक वेळी ते गोड कमी खा असंच म्हणत होते. एकाही अर्जात दम नव्हता. याचं मला किती वाईट वाटलं ते वरिष्ठांना मी कधी कळू दिलं नाही.

कारण त्या माणसावर मी जळत होतो. आजही जळतो.

झालं असं, की बायकोला छातीत गाठ लागली होती. ती घाबरली. आणि त्या भीतीचं काय करावं हे विचारायला ती माझ्याकडे आली नाही, मठात गेली. महाराजांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आधी डॉक्टर गाठा, आणि आजच साहेबांना सांगा. म्हणजे माझ्या बायकोचं दुखणं मला त्या माणसाच्या शिफारशीने कळलं. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण मला ती शिफारस काही पचली नाही. माझ्याशी दोन शब्दांत संपवणारी बाई त्या माणसासमोर बसून मनातलं सगळं सांगते, यापेक्षा तिने दागिने नेऊन दिले असते तर मला सोपं गेलं असतं. निदान गुन्हा तरी दाखल करता आला असता. मी घरात फर्मान काढलं की मठात जायचं नाही आणि त्या माणसाचं नाव घरात काढायचं नाही. ती "बरं" म्हणाली.

त्या वर्षीच्या गुरुपौर्णिमेनंतरची सकाळ. ठाण्यात हजेरी चालू होती, बाहेर पाऊस धरलेला. माझा फोन वाजला. बर्फाच्या कारखान्यात काम करणारा आमचा एक खबऱ्या होता, त्याचा आवाज दबलेला.

"साहेब, मठातली पोरां गुरवाच्या घराकडे चालली हत. हातात दांडे हत. लवकर येवा."

आम्ही पोचलो तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ग्रामदेवतेचा पुजारी असलेला तो गुरव, पन्नाशीचा काटकुळा माणूस, अंगणात चिखलात बसला होता. उजवा हात मनगटाच्या वर मोडलेला. पूजेची तांब्याची भांडी अंगणभर फेकलेली, आणि त्याची बायको ती पदरात गोळा करत होती. पोरं पळाली नव्हती. उलट छाती काढून उभी होती.

"साहेब, ह्याका आत घ्या," त्यांचा म्होरक्या म्हणाला. "ह्याने महाराजांवर करणी केल्यान. त्यांचे पाय जळले. आमची कपाळं बघा."

मी पाहिलं. त्याच्या कपाळाच्या मधोमध लालभडक चट्टा, त्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड. बोटांच्या टोकांनाही तसेच. मागे उभ्या असलेल्या दोघातिघांचीही तीच गत.

गुन्हा दाखल करायला मला काही विचार करावा लागला नाही. पोरांना ताब्यात घेतलं, मारहाणीचं कलम लावलं, आणि एखाद्याने करणी केली असं सांगत सुटणं हाच जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे हेही त्यांना समजावलं. गुरवाला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. पण फोड खरे होते. ते कशाने आले हे सांगितल्याशिवाय गाव शांत होणार नव्हतं.

गुरवावर संशय यायला कारण होतं. महाराज लोकांना सांगायचे की देवीला कौल लावून प्रत्येक गोष्ट विचारत बसू नका. त्यामुळे देवळातली गर्दी कमी झाली आणि गुरवाचा जळफळाट झाला, असं मठवाले म्हणत. त्यात पौर्णिमेआधी त्याने देवळात घातलेलं गाऱ्हाणं कोणीतरी मोबाईलवर टिपून मठाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं. "जो कोण वाकडा वागता, तेका सरळ कर गे माये," असं तो देवीला म्हणत होता.

रुग्णालयात हाताला प्लास्टर चढत असताना मी त्याचा जबाब घेतला.

"गाऱ्हाणा मी रोज घालतंय, साहेब," तो म्हणाला. "माझ्या बापान ह्याच म्हटला, आज्यान ह्याच म्हटला. ही काय करणी झाली? आता लोक म्हणतत तुझ्या हातची पूजा नको. देवीकडे दिवो लावूक कोण नाय. पूजा नाय तर मी कोण रवलंय?"

त्याचा हात दुखत होता, पण तो रडला ते दिव्यासाठी. गुरवाचं गुरवपण त्याला परत मिळतं की नाही, एवढाच या प्रकरणात खरा प्रश्न होता. बाकी फोड काय, बरे होणारच होते.

मठात पंचनामा केला. दर गुरुपौर्णिमेला तिथे महाराजांच्या लाकडी पादुकांची पूजा होते. ज्याला पहिला मान तो दोन्ही हातांनी पादुका धरून दूधपाण्याचा अभिषेक करतो, मग सगळे ओळीने हात लावून कपाळ टेकवतात. गेली कित्येक वर्षं पहिला मान तांडेलाचा होता. यंदा मुंबईचा एक बिल्डर मानकरी होता. नव्या सभागृहाची फरशी त्याचीच. त्याचे दोन्ही तळवे सोलून निघाले होते आणि तो मुंबईला उपचारासाठी गेला होता. महाराज खाटेवर बसलेले, पावलांना फडकी गुंडाळलेली. कोणावर संशय आहे का, असं विचारलं.

"संशय घेऊन काय करायचं, साहेब," ते म्हणाले. "माझी तक्रार नाही."

करणी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. नाही असंही म्हणाले नाहीत. त्यांच्या शेजारी बसलेली मंडळी मात्र तो शब्द सोडून दुसरं काही बोलत नव्हती, आणि महाराज ते ऐकत होते. मला तो माणूस खोटा वाटला. पण मला तो माणूस रोजच खोटा वाटायचा, त्यामुळे माझ्या मताला मीच फारशी किंमत दिली नाही.

पादुका मुद्देमाल म्हणून जप्त केल्या आणि रासायनिक तपासणीला पाठवल्या. तिथला अहवाल यायला किती वेळ लागतो हे खात्यातल्या कोणालाही विचारा. रुग्णालयातला डॉक्टर लातूरकडचा तरुण मुलगा. तो म्हणाला, काहीतरी दाहक आहे, ॲसिड नाही, पुढचं सांगता येत नाही.

दुपारी जेवायला घरी गेलो. बायकोने ताट वाढलं आणि मी मान वर करून पाहिलं. कुंकवाच्या जागी लाल चट्टा, त्यावर फोड.

ताट मी तसंच सरकवलं. "गेली होतीस?"

"हो."

"मी नको म्हटलं होतं."

"दर्शन घेऊन लगेच आले."

"का गेलीस?"

ती पाण्याचा तांब्या भरू लागली. मी पुन्हा विचारलं, का गेलीस. आवाज चढवून विचारलं, मग न चढवता विचारलं. आरोपीला प्रश्न कसे विचारावेत हे मी नव्या भरतीला शिकवायचो, आणि घरात मला एकच प्रश्न सुचत होता. तिने जेवण झाकून ठेवलं आणि मी उपाशीच ठाण्यात आलो. उपविभागीय पोलीस अधिकारी साहेबांना फोन करून सांगितलं की जखमींत माझी पत्नी आहे, तपास दुसऱ्याकडे द्यायचा तर द्या. ते म्हणाले, दुसरा आहे कोण, तुम्हीच करा.

गावात दोन तट पडले. मासळीच्या वाट्यांवर बसलेल्या बायकाही एकमेकींना पाठ करून बसू लागल्या. देवळाचं दार बंद. मी देवळापाशी आणि मठापाशी फिक्स पॉइंट, म्हणजे दिवसरात्रीचे पहारे, लावले. माझे अर्धे शिपाई मनातून करणी मानणारे, ते देवळापाशी उभे राहायला कुरकुरत होते. मी रोज घरी जाऊन बायकोच्या कपाळाकडे पाहायचो आणि रोज नव्याने तापायचो. चट्टा आता काळपट पडत चालला होता. मला त्यात महाराजांचा शिक्काच दिसायचा.

असंच एका दुपारी ती आमटी वाढता वाढता म्हणाली, "मला आधी वाटलं तुमचाच शाप लागला."



"पण आता कातडी काळी होऊन सुटायला लागली, तेव्हा ओळखलं. लहानपणी आमच्या ओठांना असंच व्हायचं. हे काजूचं आहे."

"काजूचं काय?"

"काजूबीच्या टरफलातलं तेल. ओली बी दातांनी फोडली की तोंड भाजतं. आईने त्यासाठी किती मारलंय. तुम्ही घाटावरचे, तुम्हाला कुठून माहीत असणार. आणि इथल्यांच्या तरी पावसाळ्यात कुठे डोक्यात येणार, काजूचे दिवस उन्हाळ्यातले."

"मग पावसाळ्यात हे तेल कोणाकडे असतं?"

"होडीवाल्यांकडे. होड्या वर ओढल्या की लाकडाला लावतात, कीड लागू नये म्हणून." मग पातेल्यावर झाकण ठेवून म्हणाली, "त्या गुरवाला सोडवा हो. त्याच्या बायकोचं तोंड बघवत नाही."

तपासाला दिशा मिळाली ती अशी, माझ्याच स्वयंपाकघरात. महाराजांच्या नादी लागलेली म्हणून जिला मी धारेवर धरलं होतं, तिने गुरवासाठी तोंड उघडलं. तिला मी शाबासकी द्यायला हवी होती. मी म्हटलं, आमटी चांगली झालीय.

होड्या गावात वीसेक तरी होत्या, पण पादुकांपर्यंत हात पोचणारा होडीवाला एकच होता. पादुकांच्या पेटीची किल्ली तांडेलाकडे असे. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी खोबरेल तेलाने त्या पुसायचं काम वर्षानुवर्षं त्याचंच. त्याचं नाव कोणाच्या मनात आलं नाही याला कारण होतं. त्याचं कपाळ सगळ्यांत जास्त भाजलं होतं. तो पट्टी बांधून मठाच्या पायरीवर बसून असायचा आणि लोक त्याची कीव करायचे.

मी मठाच्या ग्रुपवरचा पूजेचा व्हिडिओ मागवून घेतला आणि ठाण्यात बसून पुन्हा पुन्हा पाहिला. बिल्डर अभिषेक करतो. मग फोटो काढणारा काहीतरी म्हणतो, आणि महाराज हसत पादुका पायांत घालून उभे राहतात. लोक येतात, दोन्ही हात पादुकांना लावतात, कपाळ टेकवतात, पुढे सरकतात. माझी बायकोही दिसली, घाईघाईत, डोक्यावरून पदर ओढलेली. तिथे मी व्हिडिओ थोडा जास्त वेळ थांबवला, ते सोडा. सगळ्यांत शेवटी तांडेल आला. गुडघ्यांवर बसला, हात पाठीमागे धरले आणि नुसतं कपाळ टेकवलं. बराच वेळ टेकवलं. मागून कोणीतरी हाक मारली तेव्हा उठला.

जखमींच्या तपासणीचे कागद काढले. सगळ्यांची बोटंही भाजलेली आणि कपाळही. याचं फक्त कपाळ.

त्याला चौकशीला बोलावलं. सत्तरीकडे झुकलेला, पण खांदे अजून वल्ह्याचे. तरुणपणापासून स्वतःची होडी, मधली काही वर्षं मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवर काढलेली. पोलिसांना न घाबरणारा माणूस. मी चहा मागवला. अशा माणसाला दरडावलं की तो चकार शब्द काढत नाही, हे अनुभवाने माहीत होतं.

"माका काय विचारतास?" तो म्हणाला. "माझ्या कपाळावर बघा."

"कपाळ पाहिलं. हात दाखवा."

त्याने तळवे टेबलावर ठेवले. जाड, घट्टे पडलेले, पण साफ.

"सगळ्यांनी हात लावले. तुम्ही का नाही लावले?"

त्याने हात मांडीवर ओढून घेतले. मी घाई केली नाही.

"यंदा पहिला मान तुमचा नव्हता," मी म्हटलं.

"माझो नव्हतो."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तेंनी स्वतः नाय सांगितलंनी. मठातल्या पोराकडून सांगून धाडलंनी." त्याने चहाचा कप बाजूला सारला. "साहेब, ह्या माणसाक माझ्या खोपीत मी भरवलंय. ताप इलो तेव्हा रात रात बसलंय. तेंच्या पाया पहिलो पडलो तो मी. तेव्हा लोक माका हसत. आता मोटारीतून येणारे पुढे, आणि माका म्हणतत तांडेल, जरा बाजूक रवा."

मला त्या क्षणी तो माणूस नातेवाईक वाटला. मी त्याला काय विचारायचं ते विसरलो आणि भलतंच बोललो. म्हटलं, "माझी बायकोही येते तिथे. मला न सांगता."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "मग तुमका कळतला," तो म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं.

आदल्या संध्याकाळी त्याने पादुकांना काजूचं तेल चोळलं होतं, वरून खोबरेल. होडीला लावताना लावतात तसं, हाताला आधी राख आणि खोबरेल फासून. बिल्डरचे हात भाजावेत, आणि पादुकांनी याला नाकारलं असं लोकांनी म्हणावं, एवढाच त्याचा बेत.

"पण बाकीच्यांचं काय? ते तेल पाण्याने जात नाही. म्हणूनच होडीला लावता ना तुम्ही? हे तुम्हाला मी सांगायचं?"

"नाय, माका ठावक होता."

"मग?"

"माका वाटला, ज्याचो भाव खरो तेका काय होवचा नाय. पादुका तेंच्या हत, साहेब. खोट्याक भाजतीत, खऱ्याक नाय." तो मान खाली घालून बोलत होता. "दरवर्षी ते पायांत घालीत नाय. यंदा त्या फोटोवाल्यान सांगितल्यान आणि घातलंनी. मी समोर उभो होतंय. तोंडातून शब्द फुटाक नाय."

"आणि तुम्ही कपाळ का टेकवलंत? सगळं माहीत असून?"

"बघूक. माझो भाव खरो काय ता बघूक."

"हात मागे का धरलेत?"

"ह्या हातांनी तेल लावलेला. ते हात तेंच्या पादुकांक कशे लावू?"

पट्टी त्याने स्वतःच काढली. खाली हाडापर्यंत गेल्यासारखी जखम होती. त्याने ती मला पुरावा म्हणून दाखवली नाही. त्याच्या लेखी तो निकाल होता, आणि तो त्याच्या विरुद्ध लागला होता. मी जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, सही घेतली आणि अटकेची नोंद केली. माझा हवालदार पाणी आणायला म्हणून बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही.

उठता उठता तांडेल म्हणाला, "तेंनी वळाखलंनी हा. दुसऱ्याच दिवशी. फडक्या बांधूक गेलंय तर पायांकडे बघितलंनी, मगे माझ्याकडे. माझ्या होडीवर तेल लावलेलो माणूस तो. काय बोललंनी नाय."

म्हणजे गुरवाचा हात मोडला त्याच सकाळी महाराजांना ठाऊक होतं की करणीबिरणी काही नाही. मी गाडी काढून थेट मठात गेलो. खरं सांगायचं तर मी आनंदात होतो. कित्येक महिने ज्याची वाट पाहत होतो ते हातात आलं होतं.

महाराजांनी नाकारलं नाही. सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि म्हणाले, "मी त्याचं नाव घेतलं असतं तर तो त्याच दिवशी समुद्रात चालत गेला असता. मी ओळखतो त्याला."

"नाव घेऊ नका. करणी नाही एवढं तर म्हणता आलं असतं. गुरवाचा हात वाचला असता."

"हात मोडतील असं वाटलं नव्हतं."

"मोडल्यावर?"

त्यांनी पावलावरचं फडकं सारखं केलं. "मग उशीर झाला होता. लोकांनी विचारलं असतं, आधी का बोलला नाहीत."

हे वाक्य मी ठाण्यात अनेकांकडून ऐकलंय, अपघात करून पळालेल्या ड्रायव्हरपासून ते लाच घेतलेल्या कारकुनापर्यंत. कायद्याने मला त्यांना हात लावता येत नव्हता. गप्प बसण्याला कलम नाही. मी म्हटलं, "उद्या देवळात या. लोकांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगा की गुरव निर्दोष आहे. तुमच्या माणसांना तुमचंच पटेल, माझं नाही."

"बघतो," ते म्हणाले.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. तिचा चेहरा पडलेला मला पाहायचा होता. तो पडला नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चुकले ते. पण उद्या जातील. बघा तुम्ही, स्वतः जातील."

दुसऱ्या दिवशी माझ्या निरोपावरून देवळासमोर गाव जमलं. मी बंदोबस्ताला उभा, बायको बायकांमध्ये. हात गळ्यात बांधलेला गुरव पायरीवर. कर्तव्य म्हणून त्या माणसाने यावं असं मला वाटायला हवं होतं. तो आला असता तर गुरवाचं भलं पाच मिनिटांत झालं असतं. आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, येऊ नकोस.

ते आले नाहीत. मठाची गाडी आली. ड्रायव्हर उतरला, त्याच्या हातात देवीसाठी साडी आणि नारळ. "महाराजांनी पाठवलंय," म्हणाला, आणि ते पायरीवर ठेवून गाडी वळवून गेला.

मग जे झालं ते माझ्या योजनेत नव्हतं. सकाळीच जामिनावर सुटलेला तांडेल गर्दीतून पुढे आला. त्याने देवीकडे तोंड केलं आणि सगळं सांगितलं, तेल कोणी लावलं, का लावलं. मग गुरवाकडे वळून हात जोडले. गर्दीतून कोणीतरी शिवी दिली, ती त्याने ऐकून घेतली. गुरव उठला. डाव्या हाताने देवळाची कडी काढली आणि आत गेला. थोड्या वेळाने आतून दिव्याचा उजेड दिसला, आणि बायका एकेक करून पायऱ्या चढू लागल्या.

पुढे न्यायालयाने तांडेलाचं वय आणि कबुली पाहून त्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. मारहाण करणाऱ्या पोरांना शिक्षा झाली. गुरवाचा हात थोडा वाकडा जुळला, तरी पूजा तोच करतो. बिल्डर पुन्हा फिरकला नाही. तांडेलाला वाटलं असेल की आता जुनी जागा आपली. पण महाराजांनी पहिला मान बंदच करून टाकला, कोणालाच देईनात. तांडेल त्या मठाच्या पायरीवर रोज जाऊन बसतो आणि संध्याकाळी घरी येतो, असं ऐकतो.

माझ्या बायकोने मठ सोडला. मी एकदाही जाऊ नको म्हटलं नाही, ती आपणहूनच जायची थांबली. महाराजांचा फोटो तिने कपाटाच्या दाराआड लावला होता, तो उतरवून कुठे ठेवला ते मी विचारलं नाही. मी जिंकलो होतो. आता संध्याकाळी ती माझ्यासमोर बसेल, त्या माणसाला सांगायची ते मला सांगेल, असं मी धरून चाललो. निवृत्त होऊन आम्ही तिच्या माहेराजवळ घर केलं, तेव्हा तर माझ्याकडे वेळच वेळ होता.

इतक्या वर्षांच्या पोलिसीत मत्सराने केलेले गुन्हे मी पुष्कळ पाहिले, आणि त्या प्रत्येकात एकच चूक दिसली. मधला माणूस दूर झाला की त्याची जागा आपोआप आपली होते, असं जळणाऱ्याला वाटतं. तांडेलाला वाटलं, मला वाटलं. पण ती जागा त्या माणसाची नसतेच. ज्याने दिली त्याची असते, आणि तो ती रिकामी ठेवू शकतो.

मागे हिवाळ्यात तिला पुन्हा गाठ लागली. ते मला रुग्णालयाच्या चिठ्ठीवरून कळलं. ती एकटीच एसटीने रत्नागिरीला जाऊन तपासून आली होती. गाठ याही वेळी साधी निघाली. या खेपेला 'साहेबांना सांगा' असं तिला म्हणणारंही कोणी नव्हतं.

यंदाच्या गुरुपौर्णिमेला मीच म्हटलं, "जायचं असेल तर चल, मी गाडी काढतो. बाहेर थांबेन."

"आता कशाला," ती म्हणाली, आणि पुढ्यातली भाजी निवडत राहिली.